चलन पाहायला इन्स्टॉल कशाला?

जुन्नर तालुक्यातील एका मोठ्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचे अर्ज आणि पीएम किसानची ई-केवायसी ही आमची रोजची कामे. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे आणि त्याचे शुल्क कोणत्याही दरपत्रकात नाही. लोक मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे आलंय, उघडू का?" काही जण उघडून झाल्यावर विचारतात. अशी एक उघडून झालेली फाइल मला मुळापासून तपासावी लागली, फोन स्वच्छ करावा लागला आणि तक्रारही नोंदवावी लागली.

फोन ज्यांचा होता ते काका नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोहोचवतात; त्यांची स्वतःची पिकअप आहे. गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून संदेश आला होता की वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल आपल्या वाहनावर चलन निघाले आहे, तपशील सोबतच्या फाइलमध्ये पाहावा. फाइलच्या नावात 'आरटीओ चलन' असे शब्द होते, त्यापुढे एक आकडा होता आणि नावाचा शेवट 'डॉट एपीके' असा होता. काकांनी केलेला विचार अगदीच चुकीचा नव्हता. गाडी त्यांची होती, पुणे-नाशिक रस्त्यावर वेगाबद्दल चलन निघणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि पाठवणारा माणूस रोज बाजारात भेटणारा होता. अनोळखी व्यक्तीने पाठवलेली फाइल उघडू नये, हा आपण सर्वांनी पाठ केलेला नियम येथे कामी आला नाही, कारण पाठवणारा अनोळखी नव्हताच. त्याचा फोन आधीच बाधित झाला होता आणि त्याच्या नकळत तीच फाइल त्याच्या सर्व गटांवर गेली होती, हे नंतर कळले.

म्हणून मी आता पाठवणाऱ्याबद्दल विचारत नाही. फाइल कोणत्या जातीची आहे एवढेच विचारते. चलन म्हणजे माहिती आहे: गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेळ, एक छायाचित्र आणि दंडाची रक्कम. एवढा मजकूर साध्या एसएमएसमध्ये, छायाचित्रात किंवा पीडीएफमध्ये मावतो आणि तो वाचण्यासाठी फोनवर काहीही बसवावे लागत नाही. एपीके मात्र कागदपत्र नव्हे, तर अँड्रॉइडवर बसवायचा कार्यक्रम असतो. तांत्रिकदृष्ट्या ती एक झिप फाइलच असते आणि तिच्या पोटात चालवण्याजोगा कोड, चित्रे, बनवणाऱ्याची डिजिटल सही आणि हे अ‍ॅप कोणकोणत्या परवानग्या मागणार याची यादी असते. वीजबिल, लग्नपत्रिका, बँकेचे विवरण किंवा योजनेच्या लाभार्थ्यांची यादी दाखवण्यासाठी फोन जर 'इन्स्टॉल करायचे का' असे विचारू लागला, तर समोर आलेली वस्तू ती नव्हे हे तेथेच सिद्ध होते. मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना.

२०१७ साली आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीपासून प्ले स्टोअरबाहेरचे अ‍ॅप बसवण्याची परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळी द्यावी लागते. काकांच्या फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपला ती दिलेली आढळली. ती कशी द्यायची याच्या सूचनाही त्याच संदेशात खाली लिहिलेल्या होत्या, आणि फोनने धोक्याची पाटी दाखवली तर 'तरीही इन्स्टॉल करा' हा पर्याय निवडावा, हेही त्यात होते. सुरक्षेची सूचना कशी ओलांडायची हे जो संदेश आधीच समजावून सांगतो, त्याच्याबद्दल आणखी वेगळा पुरावा मला तरी लागत नाही.

पुढे पडद्यावर काय काय झाले, हे मी काकांकडून सावकाश विचारून घेतले, कारण नुकसान कोठपर्यंत पोहोचले असेल याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. अ‍ॅप उघडताच 'अपडेट आवश्यक आहे' अशी पाटी आली आणि ती दाबल्यावर दुसरे अ‍ॅप बसले. ही जुनी युक्ती आहे. पहिले अ‍ॅप हे केवळ वाहन असते. त्यात फारसे काही सापडत नाही, त्यामुळे तपासणीतून ते निसटण्याची शक्यता वाढते, आणि खरे काम दुसरे करते. त्या दुसऱ्याने एसएमएस वाचण्याची व पाठवण्याची, फोन कॉलची आणि बॅटरीच्या बंधनाविना पार्श्वभूमीत सतत चालू राहण्याची परवानगी मागितली. त्यानंतर सरकारी वाटावे असे बोधचिन्ह असलेला एक अर्ज आला, ज्यात गाडीचा क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि पडताळणीसाठी एक रुपया भरायचा म्हणून डेबिट कार्डाचा क्रमांक व मुदत विचारली होती.

एक रुपयाचा हा देखावा कशासाठी असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. यूपीआयचा पिन नव्याने ठरवताना डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि बँकेकडून आलेला ओटीपी लागतो. पहिल्या दोन गोष्टी अर्जातून मिळाल्या आणि तिसरी एसएमएस वाचण्याच्या परवानगीतून मिळते. शिवाय कोणत्याही फोनवर यूपीआय सुरू करताना त्या क्रमांकावरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो. एसएमएस पाठवण्याची परवानगी हाती असली की तोही मालकाच्या नकळत पाठवता येतो. "पण मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही," असे काका पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि ते खरे होते. ओटीपी सांगू नका ही शिकवण त्यांनी अक्षरशः पाळली होती; फोनमधील अ‍ॅपच तो वाचून इंटरनेटवरून परस्पर पुढे पाठवत होते. अशी अ‍ॅपे अनेकदा टेलिग्रामवरील बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याकडे, हे संदेश पोहोचवतात. जनजागृतीच्या फलकांवर ओटीपीचे वाक्य मोठ्या अक्षरांत असते आणि एसएमएसच्या परवानगीबद्दल चकार शब्द नसतो, हे मला खटकते.

काका आले तेव्हा खात्यातून दोन व्यवहार होऊन गेले होते. सर्वप्रथम मी फोन विमान मोडवर टाकला आणि वायफायही बंद केले, म्हणजे नवा ओटीपी आला तरी तो बाहेर जाण्याचा मार्ग राहू नये. फोन बंद करण्यापेक्षा हे बरे, कारण पडद्यावरचे पुरावे हाताशी राहतात. मग माझ्या फोनवरून बँकेच्या मदत क्रमांकाला दूरध्वनी करून कार्ड, यूपीआय आणि नेट बँकिंग तिन्ही थांबवण्यास सांगितले. काही जण केवळ कार्ड बंद करून थांबतात. तेवढे पुरेसे नसते. त्यानंतर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार दिली. तेथे खातेदाराचे नाव, बँक, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक विचारतात. हा क्रमांक बँकेच्या संदेशात किंवा विवरणात असतो आणि तो आधीच कागदावर उतरवून ठेवल्याने बोलणे थोडक्यात आटोपले. या यंत्रणेचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो: पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी त्या बँकेपर्यंत सूचना पोहोचली तर रक्कम तेथेच गोठवता येते. काकांच्या बाबतीत एका व्यवहाराची रक्कम अशी अडवली गेली आणि दुसरी तोवर निघून गेली होती. तक्रारीचा पोच क्रमांक मिळाल्यावर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर उरलेला तपशील आणि पडद्याची छायाचित्रे जोडली.

त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज देण्याचा मी आग्रह धरला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवण्यापर्यंतचा भार ग्राहकावर पडतो, पण कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते. त्यामुळे कळवल्याची तारीख आणि वेळ दाखवणारा शिक्का असलेली प्रत जवळ असणे महत्त्वाचे ठरते. तोंडी सांगितले आहे, उद्या बघू, असे म्हणून परतणारे लोक मी पाहिले आहेत.

मग फोनकडे वळले. अ‍ॅप्सच्या पडद्यावर दुसऱ्या अ‍ॅपचे चिन्हच नव्हते. सेटिंग्जमधील अ‍ॅप्सची पूर्ण यादी उघडल्यावर ते प्रणालीच्या एखाद्या सेवेसारखे नाव धारण करून बसलेले दिसले. काढून टाकण्याचे बटण निष्क्रिय होते, कारण त्याने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा, म्हणजे फोनच्या व्यवस्थापकाचा, अधिकार मिळवला होता. फोन सेफ मोडमध्ये सुरू केला की बाहेरून बसवलेली अ‍ॅपे चालत नाहीत. त्या अवस्थेत आधी हा अधिकार काढून घेतला आणि मग अ‍ॅप काढले. पहिले अ‍ॅपही काढले आणि डाउनलोड फोल्डरमधील मूळ फाइल नष्ट केली. अ‍ॅक्सेसिबिलिटी, सूचना वाचण्याची परवानगी, एसएमएसचे मुख्य अ‍ॅप, कॉल फॉरवर्डिंग आणि व्हॉट्सअ‍ॅपमधील जोडलेली उपकरणे या जागा एकेक करून तपासल्या. अ‍ॅक्सेसिबिलिटीची सोय अंध किंवा हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तींसाठी आहे. ती ज्याला मिळते त्याला पडद्यावरचे सर्व वाचता येते आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणेही दाबता येतात. म्हणून या यादीत अनोळखी नाव दिसले तर तेथे थांबून विचार करावा लागतो.

एवढे झाल्यावर फोन वापरण्यास हरकत नाही असे काही जाणकार सांगतात. माझे मत वेगळे आहे. बँकेची अ‍ॅपे असलेल्या फोनबद्दल शंका शिल्लक ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे आणि संपर्क बाजूला काढून फोन मूळ स्थितीत आणावा आणि अ‍ॅपे प्ले स्टोअरवरूनच पुन्हा घ्यावीत. मात्र हे करण्यापूर्वी संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, फाइलचे पूर्ण नाव, अ‍ॅपला मिळालेल्या परवानग्या आणि बँकेचे एसएमएस यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून घ्यावीत, कारण पोलिसांना नेमके हेच लागते आणि फोन मूळ स्थितीत आल्यावर यातले काहीच उरत नाही. काकांचे ईमेल आणि बँकेचे पासवर्ड आम्ही दुसऱ्या संगणकावरून बदलले. बाधित फोनवरून नवा पासवर्ड टाकणे म्हणजे तोही देऊन टाकणे होय.

तीच फाइल गटातील दुसऱ्या एका सदस्याच्या फोनवर न उघडता पडून होती. ती संगणकावर घेऊन, न उघडता, व्हायरसटोटल या संकेतस्थळावर चढवली. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गूगलकडे असलेली ही सेवा एकच फाइल अनेक अँटिव्हायरसांकडून एकाच वेळी तपासून घेते. निकाल बोलका होता: बऱ्याच इंजिनांनी ती बँकिंग तपशील चोरणारी म्हणून ओळखली, पण काही नामांकित इंजिनांनी तिला स्वच्छ ठरवले. हे भामटे त्याच अ‍ॅपमध्ये किरकोळ बदल करून नव्या सहीनिशी ते पुन्हा बांधतात, त्यामुळे ताज्या फाइलवर पहिल्या दिवशी कोणीच बोट ठेवणार नाही असेही होऊ शकते. लाल निकाल आला तर तो मानावा. हिरवा निकाल आला म्हणून एपीके बसवायला घेऊ नये. आणखी एक गोष्ट सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तरी ध्यानात ठेवावी. तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना आणि सशुल्क सदस्यांना उपलब्ध होते. संशय आला म्हणून ग्राहकाचे आधार किंवा बँक विवरण तेथे टाकणे गैर आहे. अशा वेळी फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी चौसष्ट चिन्हांची खूण, काढून केवळ ती खूण शोधावी. फाइल कोणाच्याही हाती जात नाही.

ज्या माणसाच्या क्रमांकावरून फाइल आली होती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर न कळवता मी साधा फोन केला, कारण त्याचे व्हॉट्सअ‍ॅप त्या क्षणी कोण वाचत आहे याची खात्री नव्हती. गटप्रमुखाने फाइल सर्वांसाठी हटवली. पण गटात ज्यांनी ती आधीच उतरवून घेतली होती त्यांच्या फोनमध्ये ती राहतेच, हे समजावण्यात वेळ गेला. आमिष हंगामाप्रमाणे बदलते. पीएम किसानचा हप्ता जवळ आला की लाभार्थी यादीच्या नावाने एपीके फिरू लागते आणि लगीनसराईत पत्रिकेच्या नावाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशाच्या पोलिसांनी अशा लग्नपत्रिकांबद्दल जाहीर इशारा दिला होता. आतला माल बहुधा एकाच घडणीचा असतो.

काकांवर खरेच चलन आहे का, हेही पाहणे भाग होते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की प्रलंबित चलने दिसतात. केंद्राच्या परिवहन पोर्टलवरही तशी सोय आहे. दोन्ही पत्ते 'जीओव्ही डॉट इन' असे संपतात आणि हा शेवट सरकारी संस्थांखेरीज कोणाला मिळत नाही. पत्त्याच्या सुरुवातीला किंवा मध्ये 'परिवहन', 'चलन', 'जीओव्ही' असे शब्द कोणीही घालू शकतो. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'पुढील दोन रेघा सोडून येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे, तेवढेच मोजायचे असते. गंमत अशी की शोधल्यावर काकांच्या नावे एक जुने, अस्सल चलन निघालेच, चाकणच्या बाजूचे. ते त्यांनी तेथल्या तेथे भरले, आणि त्यासाठी काहीही इन्स्टॉल करावे लागले नाही.

या प्रकरणानंतर मी केंद्रातील संगणकाकडे अधिक बारकाईने पाहू लागले. तेथे लोकांची कागदपत्रे उघडली जातात, त्यामुळे त्याला लागण झाली तर गावाला लागण झाल्यासारखेच आहे. आमच्या व्यवसायात धोक्याची खरी जागा ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेले यंत्र संगणकाकडून चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. प्रिंटर बिघडतो, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राची आरडी सेवा (त्याला लागणारे सॉफ्टवेअर) चालेनाशी होते, समोर रांग असते आणि केंद्रचालक घाईने गूगलवर नाव टाकून पहिल्या दुव्यावर क्लिक करतो. तो पहिला दुवा पुष्कळदा जाहिरातीचा असतो. आत गेल्यावर चार ठिकाणी 'डाउनलोड' असे लिहिलेली हिरवी बटणे दिसतात आणि त्यांतली निम्मी जाहिरातीच असतात. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे पत्ते मी आता ब्राउझरमध्ये खूण करून ठेवले आहेत आणि ड्रायव्हर तेथूनच घेते, शोधयंत्रातून नाही.

उतरवलेली फाइल चालवण्यापूर्वी तिचे पूर्ण नाव दिसायला हवे. विंडोज मुळात फाइलच्या नावाचा शेवट लपवते, त्यामुळे 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल पडद्यावर 'बिल डॉट पीडीएफ' अशी दिसते आणि चिन्हही पीडीएफचेच लावलेले असते. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने हीच सवय वापरली होती: पत्रासारख्या नावाची, मजकुराची फाइल वाटावी अशी ती प्रत्यक्षात चालणारी स्क्रिप्ट होती. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' यादीतून नावाचा शेवट कायम दिसेल अशी सोय करता येते आणि केंद्रातील प्रत्येक संगणकावर मी ती केली आहे. तरीही एक फट उरते. उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी असलेले एक अदृश्य चिन्ह नावात घातले की पुढची अक्षरे उलट क्रमाने दिसतात आणि 'ईएक्सई'चा शेवट नावाच्या मध्ये जाऊन बसतो. म्हणून नावाशेजारचा 'टाइप' हा रकानाही वाचावा. तेथे 'अ‍ॅप्लिकेशन' लिहिलेले असेल तर ती फाइल म्हणजे कार्यक्रमच.

पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि त्याच संदेशात लिहिलेला पासवर्ड, ही जोडी दिसली की मी फाइल उघडत नाही. कुलूप आणि किल्ली एकत्र पाठवण्यात गोपनीयता कसली. पासवर्डमुळे अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग असतो. चालवण्याच्या फाइलबाबत 'प्रॉपर्टीज'मधील डिजिटल सहीचा टॅब पाहते आणि सही त्या कंपनीची नसेल तर पुढे जात नाही. सहीही अंतिम नव्हे. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या अधिकृत, सही असलेल्या आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता आणि २२ लाखांहून अधिक संगणकांवर ती पोहोचली होती. पण असे प्रकार विरळा; आमच्याकडे येणारी बहुतेक संकटे पहिल्याच चाळणीत अडकतील इतकी ढोबळ असतात.

अलीकडचा एक प्रकार मात्र या सर्व चाळण्यांना वळसा घालतो, कारण त्यात फाइल उतरवताना दिसतच नाही. संकेतस्थळावर 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' अशी खिडकी येते आणि विंडोजची कळ व 'आर' एकत्र दाबा, मग कंट्रोल व 'व्ही', मग एंटर, असे सांगते. पान उघडताच किंवा बटण दाबताच क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो त्या जागी, एक आज्ञा ठेवलेली असते. या तीन दाबांनी वापरकर्ता स्वतःच ती चालवतो आणि पुढचा माल ती गुपचूप खेचून आणते. केंद्रात काम करणाऱ्या मुलाला मी या तीन कळांचा क्रम तोंडपाठ करायला लावला आहे, उलट्या कारणासाठी. त्याशिवाय रोजच्या कामासाठी संगणकावर साधे खाते ठेवले आहे, ज्यातून संपूर्ण संगणकासाठी काही बसवायचे तर प्रशासकाचा पासवर्ड लागतो आणि तो फक्त माझ्याकडे असतो. त्यामुळे मी बाहेर असताना एखाद्याचा प्रिंटर दुपारपर्यंत अडून राहतो आणि लोक कुरकुरतात. ती कुरकुर मी ऐकून घेते.